‘ओरिजिनल’ इंजेक्टरच्या नावाखाली जिप्सीला लागलेला चुना

सुपरचार्जरवाल्या (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप बसवलेल्या) गाडीची फ्युएल सिस्टीम, म्हणजे पेट्रोलचा पंप आणि इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर, वाढवून देतो म्हणून कुणी मोठमोठे आकडे फेकायला लागला की आधी खिसा धरा आणि मग हे वाचा. कोल्हापुरातल्याच एका गॅरेजवाल्यानं मला टोपी घातली, नाव लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे, पण त्याची पद्धत सगळी सांगतो.

गाडी मारुतीची जिप्सी किंग एमपीएफआय (इंजेक्टरवाली), १.३ लिटरचं जी१३बीबी इंजिन, कंपनीतनं ८० हॉर्सपॉवर. त्यावर मिनी कूपर एसमधनं निघालेला ईटन एम४५ सुपरचार्जर. ब्रॅकेट आणि पुली उद्यमनगरात लेथवर करून घेतली, ते काम एक नंबर झालं, तिथल्या मिस्त्रीला ड्रॉइंग बिइंग लागत नाही, पार्ट हातात द्यायचा आणि चहा प्यायला जायचं. बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, जेमतेम ०.४ बार. आता हवा जास्त गेली की पेट्रोलपण जास्त लागणार हे सगळ्यांनाच कळतंय, आणि नेमकं तिथंच हा भाऊ दुकान मांडून बसला होता.

म्हणाला, "दादा, स्टॉक इंजेक्टरवर चालवलासा तर इंजिन बसलंच म्हणून समजा. बॉशचे ४४० सीसी टाकू, २५५ चा वॉलब्रो पंप, ॲडजस्टेबल रेग्युलेटर, मॅपिंग माझ्याकडं लागलं. नाद खुळा गाडी करून देतो." (४४० सीसी म्हणजे इंजेक्टर मिनिटाला टाकतो ते पेट्रोल, रेग्युलेटर पेट्रोलचं प्रेशर धरतो, आणि मॅपिंग म्हणजे कधी किती पेट्रोल सोडायचं ते इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये भरणं.) ६८ हजार सांगितले, हप्त्याहप्त्यानं यूपीआयवर घेतले. पक्कं बिल मागितलं तर, "जीएसटी तुम्हालाच पडंल की ओ, कशाला उगंच."

पहिली फसवणूक ह्या आकड्यांतच होती बघा. सुपरचार्जवाल्या पेट्रोल इंजिनला पूर्ण ताकदीवर एका हॉर्सपॉवरमागं तासाला साधारण पाव किलोच्या जरा वर पेट्रोल लागतंय. माझी गाडी लय झालं तर १३० हॉर्सपॉवर धरा, म्हणजे तासाला ३५ किलो, म्हणजे ४८ लिटरच्या आसपास. मिनिटाला ८०० सीसी. चार इंजेक्टर, प्रत्येकाला २०० सीसी, आणि इंजेक्टर ८० टक्क्यांच्या वर उघडा ठेवायचा नसतो म्हणून २५० सीसीचा घ्यायचा. झालं. ४४० कशाला पाहिजे होता? आणि तासाला २५५ लिटर टाकणारा पंप तर दुप्पट इंजिनालापण पुरून उरतोय. एवढा मोठा इंजेक्टर लहान इंजिनावर आयडलला नीट चालत नाही, गाडी सिग्नलला हुकहुक करत उभी राहायची, तर हा म्हणे सेट होईल हळूहळू.

दुसरी फसवणूक गेजची, आणि ह्यात भले भले अडकतील. सायलेन्सरच्या पाइपात वाइडबँड सेन्सर लावून त्यानं डॅशबोर्डवर एअर फ्युएलचं मीटर दिलं होतं. बूस्टमध्ये आकडा बाराच्या आसपास पाहिजे, म्हणजे एक भाग पेट्रोलला बारा भाग हवा, आकडा वाढला की पेट्रोल कमी पडतंय. तो बाराच दाखवायचा. वाघबीळच्या पुढं पन्हाळ्याच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायचा (ह्यालाच नॉकिंग म्हणतात, पेट्रोल सिलिंडरात अवेळी भडकतंय), तरी ह्याचं आपलं एकच, "गेज बघा की, बारा दाखवायलंय, मग नॉकिंग कसलं? पेट्रोल भेसळीचं असंल." नंतर भेसळ सोडून ई-२० वर (२० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलवर) आला. ई-२० ला पेट्रोल थोडं जास्त लागतंय हे खरं आहे, पण ते चारी सिलिंडरला सारखंच लागणार आणि मॅपिंग त्यानं त्याच पेट्रोलवर केलं होतं.

मग गाडी निळा धूर टाकायला लागली. दुसरीकडं नेऊन कॉम्प्रेशन (सिलिंडरात बनणारा दाब) बघितलं तर तीन नंबरच्या सिलिंडरचं पार खाली. प्लग काढला तर पांढऱ्या चिनीमातीवर बारीक बारीक चमचमणारे ठिपके. मिस्त्री म्हणाला हे ॲल्युमिनियम, पिस्टनचं. हेड खोललं, पिस्टन बाहेर काढला, दोन रिंगांच्या मधली कड तुटून आत फिरत होती. बाकीचे तीन पिस्टन चांगले. तिथंच डोक्यात आलं की एकच सिलिंडर उपाशी का?

इंजेक्टर टेस्टिंग बेंचवर लावले. काचेच्या चार नळ्या, ३ बार प्रेशर, एक मिनिट. ४१२, ४०५, ३५८, ४३१. चांगल्या मॅच केलेल्या सेटमध्ये दोन-तीन टक्क्यांपलीकडं फरक नसतो, इथं तिसरा सरासरीपेक्षा अकरा टक्के कमी. वाइडबँडला चारी सिलिंडरचा एकत्र झालेला धूर मिळतो, तो सरासरी सांगणार, म्हणजे मीटर बारा दाखवत असताना तीन नंबर साडेतेराच्या आसपास चालत होता, तेही बूस्टमध्ये, चढाला. तिथं पेट्रोल कमी पडलं की नॉकिंग होतं आणि तेच पिस्टन फोडतं. बेंचवाल्यानं कापसावर थिनर घेऊन इंजेक्टरवर चोळलं, बॉशचा नंबर कापसावर आला. छापलेला होता.

पंपपण टाकीतनं काढला. बादलीत पेट्रोल, गेज लावून ३ बारला चालवला, मिनिटाला चार लिटरच्या वर पाहिजे तिथं दोनच्या आत. गंमत म्हणजे माझ्या गाडीला ८०० सीसीच लागतात, त्यामुळं नकली पंपावरपण ती निवांत चालत होती आणि म्हणूनच तो कधी उघडा पडला नसता. पण टाकीतल्या पंपाला त्यानं साधा रबरी पाइप लावला होता, बाहेरनं पेट्रोल लागायचं नसतं असला, तो फुगून मऊ झाला होता, बोटानं दाबला की कातडी निघायची. टाकीत बुडणारा पाइप वेगळा येतो, महाग असतो, तेवढ्यात ह्यानं हात मारला. आणि रेग्युलेटरला मॅनिफोल्डमधनं (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपातनं) येणारी बारीक नळी, तिच्यात स्क्रू खोचून बंद! बूस्ट वाढला की पेट्रोलचं प्रेशर तेवढंच वाढावं म्हणून ती नळी असते. आतला पडदा फाटून पेट्रोल त्या वाटेनं यायला लागलं असणार, बदलण्यापेक्षा स्क्रू स्वस्त.

जाब विचारायला गेलो तर, "तुम्ही लय रेटली गाडी." माझे कंपनीचे जुने इंजेक्टर आणि पंप परत मागितले तर भंगारात गेले म्हणाला. भंगारात कुठले जातात, जिप्सीचा चालू पार्ट आहे तो, विकलाच असणार.

बिल नसलं तरी यूपीआयचे मेसेज, व्हॉट्सॲपवरचं ‘१०० टक्के ओरिजिनल’ आणि बेंचचा रिपोर्ट एवढं घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात गेलोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतंय. आधी १९१५ ला (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला) फोन करा, तो फुकट आहे. तुमचं काम चालू असेल तर पैसे द्यायच्या आधी चारी इंजेक्टरचा वेगवेगळा फ्लो रिपोर्ट मागा आणि टेस्टिंगला स्वतः उभे राहा, काढलेले जुने पार्ट त्याच दिवशी डिकीत टाका.

आणि जिप्सीचे वापरलेले चार इंजेक्टर कुणी स्वस्तात द्यायला लागला तर वायरच्या सॉकेटवर १ ते ४ आकडे पांढऱ्या पेंटनं घातलेत का बघा. ते माझे आहेत.