उजेडात वाचता येणारी लॅपटॉप स्क्रीन: नुसते निट पाहून भागत नाही

खिडकीलगत, गच्चीवर किंवा झाडाखाली बसून काम करायचं असेल तर प्रोसेसरच्या आधी स्क्रीन बघा. एसएसडी (फाइली साठवणारा भाग) बऱ्याच लॅपटॉपांत मागाहून बदलता येते. स्क्रीन बदलणं मात्र खर्चाचं काम आहे, आणि पुष्कळ मॉडेलांत ते जमतही नाही.

जाहिरातीत निटचा (स्क्रीनच्या तेजाच्या एककाचा) आकडा ठळक असतो आणि बहुतेक जण तेवढ्यावरच निर्णय घेतात. पण उजेडात अक्षरं दिसणं दोन गोष्टींवर ठरतं. स्क्रीन किती प्रकाश बाहेर टाकते ही एक, आणि बाहेरचा किती प्रकाश परत फेकते ही दुसरी. दुसरीचा आकडा स्पेसिफिकेशनमध्ये क्वचितच सापडतो, आणि खरा घोळ तिथेच होतो.

हिशेब सोपा आहे. ऑफिसात ३०० ते ५०० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं एकक) उजेड असतो, मोकळ्या सावलीत सुमारे १०,००० आणि भर उन्हात एक लाखापर्यंत. सावलीत तुम्ही पांढरा शर्ट घालून बसलात, तर तो शर्टच साधारण २,५०० निटचा प्रकाश स्क्रीनकडे पाठवतो. साध्या काचेचा वरचा पृष्ठभाग त्यातला सुमारे ४ टक्के परत फेकतो, म्हणजे अक्षरांवर १०० निटचा थर चढतो. हा थर पांढऱ्यावर चढतो तसाच काळ्यावरही चढतो. ३०० निटची स्क्रीन असेल तर पांढरं ४०० आणि काळं १००, म्हणजे कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्याच्या तेजाचं गुणोत्तर) उरला ४:१. वेबपानं सगळ्यांना वाचता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी निकषात साध्या मजकुराला किमान ४.५:१ लागतो, त्याच्याही खाली. स्क्रीन ५०० निटची घेतली तर तो ६:१ होतो. पण ३०० निटच्याच स्क्रीनवर परावर्तन १ टक्क्यावर आणणारं चांगलं अँटी-रिफ्लेक्टिव्ह कोटिंग असेल, तर थर उरतो २५ निटचा आणि कॉन्ट्रास्ट जातो १३:१ वर. कमी निटची स्क्रीन जास्त निटच्या स्क्रीनला मागे टाकते ती अशी.

टचस्क्रीन घेताना म्हणूनच जपून. टचची काच आणि पॅनल (चित्र दाखवणारा मूळ भाग) यांच्यात हवेची फट असेल तर परावर्तन करणारे आणखी दोन पृष्ठभाग वाढतात आणि एकूण परावर्तन १० टक्क्यांच्या पुढे जातं. टच पॅनलमध्येच बसवलेला असेल किंवा काच पॅनलला चिकटवलेली असेल, तर हा तोटा बराच कमी होतो. टचची गरजच नसेल तर तो पर्याय सोडून द्यावा.

मॅट (खरखरीत, न चमकणारी) की ग्लॉसी (गुळगुळीत, चकचकीत), यावर सरसकट उत्तर नाही. मॅट पृष्ठभाग प्रकाश गिळत नाही, तो विखुरतो. त्यामुळे मागची खिडकी किंवा डोक्यावरची ट्यूब स्पष्ट दिसत नाही आणि सावलीत डोळ्यांना आराम पडतो. थेट ऊन पडलं की मात्र तेच विखुरणं अंगावर येतं: एक लाख लक्समधला एकच टक्का सगळीकडे पसरला तरी जवळपास ३०० निटचा राखाडी पडदा अख्ख्या स्क्रीनभर चढतो. ग्लॉसी काचेत प्रतिबिंब लख्ख दिसतं, पण लॅपटॉप थोडा वळवला की ते बाजूला सरकतं. कोटिंग असलेली ग्लॉसी काच, बिनकोटिंगची मॅट आणि बिनकोटिंगची ग्लॉसी असा पसंतीचा क्रम लावता येईल. बसण्याची जागा बदलता येत नसेल तर मॅटच घ्या.

आता बाजारातले प्रकार.

२५० ते ३०० निट, ४५ टक्के एनटीएससी (रंगांच्या व्याप्तीचं एक माप) रंगक्षमतेचं मॅट पॅनल हे ऑफिस लॅपटॉपच्या खालच्या पर्यायांत सर्रास मिळतं. घरातल्या उजेडात ठीक, खिडकीशी बसलात की अपुरं. रंग आधीच फिके, त्यात उजेडाने आणखी धुतले जातात. बाहेर काम करणाऱ्याने हे टाळावंच.

४०० निटचं मॅट, कमी वीज खाणारं, १०० टक्के एसआरजीबी (वेबवरच्या रंगांचं प्रमाण माप) पॅनल ही बहुतेकांसाठी योग्य निवड आहे. लेनोव्होच्या थिंकपॅड टी आणि एक्स मालिकांत हा पर्याय मिळतो. पण एकाच मॉडेलमध्ये ३०० निटचंही पॅनल येतं आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. लेनोव्होच्या पीएसआरईएफ या स्पेसिफिकेशनच्या पानावर पर्याय तपासा आणि बिलावर नेमका पार्ट नंबर लिहून घ्या.

ओएलईडीचा (जिथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो त्या स्क्रीनचा) काळा रंग अंधाऱ्या खोलीत अप्रतिम दिसतो. उन्हात त्याचा उपयोग नाही, कारण काळ्यावर परावर्तनाचा थर चढलेलाच असतो. आकड्यांकडेही नीट बघा. डिस्प्लेएचडीआर ट्रू ब्लॅक ५०० या प्रमाणपत्रात ५०० निट लागतात ते स्क्रीनच्या छोट्या भागावर. पूर्ण पांढऱ्या स्क्रीनला ३०० पुरतात. डॉक्युमेंट आणि स्प्रेडशीट म्हणजे जवळजवळ पूर्ण पांढरी स्क्रीनच. म्हणून एचडीआरचा (खास व्हिडिओतल्या झगमगत्या भागांचा) नव्हे, एसडीआरचा (रोजच्या कामाचा) आकडा विचारा.

२०२४ च्या एम४ मॅकबुक प्रोची स्क्रीन बाहेरच्या उजेडात एसडीआरमध्येही १,००० निटपर्यंत जाते आणि नॅनो-टेक्श्चर (चकाकी कमी करणाऱ्या, मॅटसारख्या) काचेचा पर्याय मिळतो. नेहमीच्या लॅपटॉपमध्ये उन्हासाठी याच्या तोडीचं फार थोडं आहे. यात ऑटो-ब्राइटनेस चालू ठेवा. नॅनो-टेक्श्चर मात्र सोबत आलेल्या कापडानेच पुसायची. मॅकबुक एअर ५०० निटची आहे. सावलीत चालते, उन्हात नाही.

शेतात, साइटवर, गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडणाऱ्यांसाठी पॅनासॉनिक टफबुक ४० आहे, १,२०० निटची. वजनदार आणि जाड, पण हे काम त्याचंच आहे.

दुकानात तपासायला पाच मिनिटं पुरतात. आधी चार्जर काढा, कारण बॅटरीवर आल्यावर बरेच लॅपटॉप ब्राइटनेस उतरवतात. ब्राइटनेस पूर्ण करा, पांढरं डॉक्युमेंट उघडा आणि शक्यतो दाराशी, बाहेरच्या उजेडात न्या. बारीक राखाडी अक्षरं वाचून बघा, नुसती काळी नकोत. मग स्क्रीन बंद करून ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. पांढरं आणि तेजस्वी दिसलं तर कोटिंग नाही. मंद, जांभळट किंवा हिरवट दिसलं तर आहे. शेवटी स्क्रीन मागेपुढे झुकवा आणि अक्षरं किती अंशांपर्यंत टिकतात ते पाहा. ऑनलाइन घेणार असाल तर नोटबुकचेकसारख्या लॅपटॉप तपासणाऱ्या वेबसाइटवर स्क्रीनच्या नऊ बिंदूंवर मोजलेला ब्राइटनेस मिळतो. त्यातला सर्वांत कमी आकडा धरा, कारण कोपऱ्यात उजेड बऱ्याचदा उतरलेला असतो.

घरी आणल्यावर ‘पूर्ण ब्राइटनेस ठेवूनही स्क्रीन मंद’ ही तक्रार बऱ्याचदा सेटिंगची असते. विंडोजमध्ये डिस्प्ले सेटिंगमधला ‘चेंज ब्राइटनेस बेस्ड ऑन कंटेंट’ बंद करा, एएमडी ग्राफिक्स असेल तर त्याच्या सॉफ्टवेअरमधला, म्हणजे अ‍ॅड्रेनलिनमधला व्हॅरी-ब्राइटही. बाहेर डार्क मोड नको: गडद पृष्ठभागावर आपलाच चेहरा दिसतो. पांढऱ्यावर काळी, थोडी जाड अक्षरं ठेवा आणि झूम १२५ टक्के. ग्लॉसी स्क्रीनवर मॅट फिल्म लावल्यास प्रतिबिंब पुसट होतं, पण ब्राइटनेस वाढत नाही आणि बारीक अक्षरांवर चमचम येते. पोलराइज्ड (ठरावीक दिशेचा प्रकाश अडवणारा) गॉगल घालत असाल तर तो घालूनच स्क्रीन बघा. एलसीडी स्क्रीनमधून येणारा प्रकाश पोलराइज्ड, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा असतो, त्यामुळे काही कोनांत ती जवळजवळ काळी दिसते.

ब्राइटनेस वाढला की बॅटरी लवकर उतरते हे गृहीत धरा. थेट उन्हात मात्र त्याआधी उष्णता आड येते. बहुतेक लॅपटॉप भोवतालच्या ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात, आणि उन्हात गडद रंगाचं झाकण त्याहून कितीतरी जास्त तापतं. बॉडी हाताला चटका देऊ लागली की काही यंत्रं ब्राइटनेस आपोआप कमी करतात. अशा वेळी स्लायडर वाढवून उपयोग नसतो, लॅपटॉप सावलीत न्यावा लागतो.