फुल-फ्रेम कॅमेऱ्याकडे वळावे का : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी नाटकांच्या तालमींची आणि प्रयोगांची छायाचित्रे काढते. सहा वर्षे एपीएस-सी या लहान आकाराच्या सेन्सरचा (सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग) २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा वापरल्यावर आठ महिन्यांपूर्वी त्याच कंपनीचा, २४ मेगापिक्सेलचाच, फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घेतला. मॉडेलचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा अनुभव मुख्यतः सेन्सरच्या आकाराचा आहे आणि त्यामागचा हिशेब कोणत्याही कंपनीच्या कॅमेऱ्याला लागू पडतो. तो हिशेब मी खरेदीनंतर समजून घेतला. आधी समजला असता तर एक लेन्स नक्की वेगळी घेतली असती.

‘फुल’ या शब्दाची ओढ मोठी असते, म्हणून आधी त्याबद्दल. फुल-फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असतो. चित्रपटासाठी बनणारी ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी चालवून ऑस्कर बार्नाक यांनी जो छोटा कॅमेरा घडवला आणि जो १९२५ मध्ये लायका म्हणून बाजारात आला, त्याची ही चौकट आहे. डिजिटल मीडियम फॉरमॅटमध्ये ४४ × ३३ मिलिमीटरचे सेन्सरही मिळतात, तेव्हा ‘पूर्ण’ आहे ते फक्त त्या जुन्या फिल्मच्या मापाने. माझ्या जुन्या कॅमेऱ्यातला सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिलिमीटरचा होता. क्षेत्रफळांची तुलना केली तर ८६४ आणि ३६७ चौरस मिलिमीटर, म्हणजे नव्या सेन्सरवर त्याच अ‍ॅपर्चरला (लेन्सच्या उघडीपला) आणि त्याच शटरला (प्रकाश आत येण्याच्या वेळेला) जवळजवळ २.४ पट प्रकाश जमा होतो. छायाचित्रणाच्या भाषेत हा फरक सव्वा स्टॉपचा आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे). तंत्रज्ञान एकाच पिढीचे असेल, तर सेन्सरच्या आकाराने कमी प्रकाशात मिळणारा फायदा एवढाच, आणि बाकी सगळे या सव्वा स्टॉपचे आपण काय करतो यावर ठरते.

माझ्याकडे जुन्या कॅमेऱ्यावर १७-५० मिलिमीटर एफ २.८ ची झूम लेन्स होती (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). नव्या बॉडीसोबत मी २४-७० मिलिमीटर एफ ४ घेतली, कारण ती बॉडीबरोबर सवलतीत मिळत होती आणि दृश्याचा आवाका तोच होता. पहिल्या महिन्यातील छायाचित्रे संगणकावर पाहताना मी चक्रावून गेले, कारण अंधाऱ्या प्रवेशांत नॉइज (छायाचित्रातले नको असलेले ठिपके) जवळजवळ पूर्वीइतकाच होता. आधी सेन्सरमध्ये दोष असेल असे वाटले. नंतर उलगडा झाला की एफ २.८ वरून एफ ४ वर येताना मी पूर्ण एक स्टॉप प्रकाश सोडून दिला होता, आणि सेन्सरने दिलेला सव्वा स्टॉप जवळपास सगळा तिथेच खर्च झाला होता. एपीएस-सीवरची १७-५० एफ २.८ आणि फुल-फ्रेमवरची २४-७० एफ ४ या दोन जोड्या दृश्याचा कोन, डेप्थ ऑफ फील्ड (पुढून मागे किती खोलीपर्यंत स्पष्ट दिसते ते) आणि जमा होणारा एकूण प्रकाश या तिन्ही बाबतींत जवळजवळ सारख्या आहेत. कमी प्रकाशासाठी म्हणून फुल-फ्रेम घेणाऱ्या प्रत्येकाने पैसे भरण्यापूर्वी हा गुणाकार कागदावर मांडावा: एपीएस-सीवरील फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा) आणि एफ-अंक या दोन्हींना १.५ ने गुणावे आणि येणाऱ्या आकड्यांशी नवी लेन्स ताडून पाहावी.

दुसऱ्या महिन्यात मी ८५ मिलिमीटर एफ १.८ घेतली आणि तेव्हा कुठे या कॅमेऱ्याचा खरा गुण दिसला. एका नाटकात पहिल्या अंकाच्या शेवटी रंगमंचावर फक्त एक कंदील उरतो आणि त्याच्याजवळ आई बसलेली असते. जुन्या कॅमेऱ्याने काढलेल्या याच प्रवेशात तिच्या काळ्या शालीवर जांभळट डाग पडत आणि केसांची कडा मागच्या अंधारात विरघळून जाई. नव्या कॅमेऱ्याने एफ १.८, शटर १/१६० सेकंद आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ६४०० ला काढलेल्या छायाचित्रात शालीची वीण दिसते, चुण्यांमधला काळा आणि मागचा काळा वेगळे राहतात, आणि गालावरचा कंदिलाचा पिवळा उजेड कानाकडे हळूहळू मावळत गेलेला कळतो. मला पूर्वी आयएसओ २५०० च्या आसपास जी प्रत मिळत होती, ती आता ६४०० ला मिळते. नॉइज कमी करणारी आजची सॉफ्टवेअर जुन्या फाइलही बऱ्याच सुधारतात, पण शालीची वीण मुळात टिपलीच गेली नसेल तर सॉफ्टवेअरने भरलेली वीण मला खोटी वाटते.

मात्र त्याच प्रवेशात मुलगा आत येतो आणि आईच्या मागे दोन फुटांवर उभा राहतो. पाच मीटरवरून ८५ मिलिमीटर लेन्सने एफ १.८ ला स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ३५ ते ४० सेंटिमीटरचा असतो. आईच्या पापण्या सुट्या दिसतात आणि मुलाचा चेहरा पुसट होतो. नाटकाच्या दृष्टीने त्या क्षणी दोघेही चेहरे हवे असतात, म्हणून एफ ४ पर्यंत जावे लागते. तिथे पट्टा ८० सेंटिमीटरच्या थोडा पुढे जातो आणि दोघांच्या मध्यावर फोकस ठेवले तर काम भागते. पण एफ ४ ला तेवढेच शटर राखायचे तर आयएसओ जवळजवळ पाचपट वाढवावा लागतो, आणि जुन्या कॅमेऱ्यावर एफ २.८ ला जे मिळाले असते त्याच्याच जवळपास आपण येऊन थांबतो. माझ्या मते या साऱ्या निर्णयाचा गाभा हाच आहे. उथळ फोकस चालणार असेल किंवा हवाच असेल, तर फुल-फ्रेम भरभरून देतो. दोन-तीन माणसे पुढेमागे उभी आणि सगळी स्पष्ट हवीत, अशा छायाचित्रांत त्याचा प्रकाशाचा फायदा उरत नाही.

भरपूर उजेडात तर फरक शोधूनही सापडत नाही. आयएसओ २०० ला दोन्ही कॅमेऱ्यांनी काढलेल्या एकाच नेपथ्याच्या ए३ प्रती मी दिग्दर्शकाला शेजारी ठेवून दाखवल्या. त्यांना ओळखता आले नाही आणि खुणा झाकल्यावर मलाही नाही. वजन वाढले आहे. ते पहिल्या तासात जाणवत नाही, पण तीन अंकी प्रयोगाच्या शेवटी मनगट सांगते.

आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरकडून मला फार आशा होती, कारण शांत प्रवेशात शटरचा खटका प्रेक्षकांना टोचतो. एलईडी दिव्यांखाली मात्र त्याने छायाचित्रावर आडवे पट्टे उमटतात. सेन्सर एका दमात वाचला न जाता ओळीओळीने वाचला जातो, आणि तेवढ्या वेळात दिव्यांची अदृश्य उघडझाप होत राहते. जुन्या पद्धतीच्या टंगस्टन दिव्यांखाली हा त्रास मला झाला नाही. आता मी प्रयोगापूर्वी प्रकाशयोजनाकाराला दिव्यांचा प्रकार विचारते आणि शंका असल्यास यांत्रिक शटरच ठेवते.

पक्ष्यांची छायाचित्रे मी अधूनमधून काढते आणि तिथे जुना कॅमेरा सरस आहे. ३०० मिलिमीटरची लेन्स त्यावर ४५० मिलिमीटरसारखी चौकट देते आणि पूर्ण २४ मेगापिक्सेल देते. नव्या कॅमेऱ्यावर तीच चौकट कापून काढली की हाती साडेदहा मेगापिक्सेलच्या आसपास उरतात. म्हणून जुनी बॉडी विकण्याचा विचार मी सोडून दिला.

निर्णयाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना एकच काम सुचवते. गेल्या वर्षभरातल्या फसलेल्या छायाचित्रांच्या रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ) फाइल एकत्र करून त्यांचे आयएसओ, अ‍ॅपर्चर आणि शटर पाहावेत. मी हे उशिरा केले, तेव्हा आढळले की माझी बरीच छायाचित्रे नॉइजमुळे फसलीच नव्हती. १/६० च्या शटरला नट हलल्यामुळे ती अस्पष्ट होती, आणि एफ २.८ ऐवजी एफ १.८ ची साधी लेन्स जुन्याच बॉडीवर लावून शटर १/१२५ च्या वर नेले असते तर त्यांतली बरीच वाचली असती. उरलेली, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी, शटर पुरेसे आणि तरीही आयएसओ ६४०० च्या पलीकडे गेलेली, तेवढी फुल-फ्रेमच्या खात्यावर जमा धरावीत. माझ्याकडे ती प्रामुख्याने एकट्या चेहऱ्यांची होती, आणि त्यांच्यासाठी मी हा कॅमेरा पुन्हा घेईन. २४-७० एफ ४ मात्र आता विकायला काढली आहे, आणि तिच्या जागी ३५ मिलिमीटर एफ १.८ येणार आहे.