ऑफिस आणि घर यांच्यामधली पन्नास मिनिटे : पाटोचे मध्यवर्ती ग्रंथालय

पणजीत नोकरी, डिचोलीत घर आणि उत्सवासाठी लिहायला घेतलेले एक दोन अंकी नाटक, या तिन्हींची मोट बांधता बांधता माझे गेले वर्ष सरले. नाटकाचा विषय आहे १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा म्हणून ‘फूल’ आणि वेगळा राहावा म्हणून ‘दोन पाने’, अशा दोन निशाण्या त्या वेळी होत्या, आणि त्यांपायी एका चुलीवर जेवणाऱ्या दोन भावांत आलेला अबोला मला रंगवायचा आहे. पहिला अंक चार महिने तीन पानांवर अडून राहिला होता. तो आता पूर्ण झाला आहे, दुसराही अर्ध्यावर आला आहे, आणि याचे बरेचसे श्रेय मी पणजीतल्याच पाटो भागातील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाला देते. नोकरी आणि संसार सांभाळून लिहिणाऱ्यांना, विशेषतः बायकांना, उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर नोंदवीत आहे.

आधी इतर उपाय करून पाहिले. पहाटे साडेचारला उठून लिहिण्याचा प्रयोग तीन आठवडे टिकला. डबे, पाणी भरणे आणि साडेसातची बस डोक्यात असल्यामुळे त्या वेळी सुचलेले संवाद घाईचे होत. रात्री वेळ मिळे, पण सगळी निजानीज झाल्यावर वही उघडली की डोळे मिटू लागत. सवय लावून देणाऱ्या एका मोबाईल ॲपचे वर्षाचे पैसे भरले. त्याने रोज आठवण केली आणि रोज मला अपराधी वाटले, इतकाच त्याचा लाभ. शहरातल्या एका कॅफेत दोनदा बसले, तिथे गाण्यांच्या आवाजात माझ्याच पात्रांचे बोलणे मला ऐकू येईना. या सगळ्यातून एक गोष्ट ध्यानात आली. दिवसात तासभर शोधला तर सापडतो. पण त्या तासाला डोक्यात काही शिल्लक असावे लागते. घरी पाऊल टाकले की ते शिल्लक उरत नाही, म्हणून लिहायचे तर घरी पोचण्याआधीच.

ग्रंथालय इथेच उपयोगी पडते. पाटोला ऑफिस असणाऱ्यांना ते पायी गाठता येते आणि कदंब बसस्थानकही तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ऑफिस सुटल्यावर माझ्या बसला साधारण तासभर अवकाश असतो. पूर्वी तो स्थानकावर उभे राहण्यात आणि फोन पाहण्यात जाई. आता त्यातली पन्नास मिनिटे मी सहा मजली संस्कृती भवनातल्या एका टेबलाशी बसते. कुठे बसायचे, कधी उठायचे, हे बसच्या वेळेने आधीच ठरवून ठेवलेले असल्यामुळे निर्णय घेण्यात जाणारी शक्ती वाचते, आणि आजूबाजूला सगळे मान खाली घालून वाचत असताना आपला हातही आपोआप वहीकडे वळतो. पहिली दहा मिनिटे मी कालचे पान फक्त पुन्हा वाचते. नवे काही सुचले नाही तरी उठत नाही. आठवड्यात चार दिवस असे गेले की दोन दिवस तरी कामाचे काही कागदावर उतरते.

या संस्थेचा आरंभ १८३२ सालचा, पोर्तुगीज अमदानीतला आहे. देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत तिची गणना होते. पुढे अनेक वर्षे ती इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या वास्तूत होती. मला मात्र तिच्या वयापेक्षा तिच्या नावाचे अगत्य अधिक आहे. गोव्यातल्याच केळोशी गावच्या कृष्णदास शामाने १५२६ साली ‘कृष्णचरित्रकथा’ रचायला घेतली, आणि आपल्या भाषेत ओवी रचणाऱ्या माणसाचे नाव राज्याच्या ग्रंथालयाला दिलेले पाहून तिथे मराठीत लिहायला बसताना आपण परक्या ठिकाणी आहोत असे वाटत नाही.

नाटकाला सर्वांत मोठी मदत झाली ती गोव्याविषयीच्या पुस्तकांची आणि जुन्या वृत्तपत्रांच्या संग्रहाची. कौलाचा निकाल मला ठाऊक होता. विलीनीकरणाच्या विरोधात ३४,०२१ मते अधिक पडली, हा आकडा आमच्या घरात आजही अधूनमधून निघतो. परंतु आकड्यावर प्रवेश उभा राहत नाही. जुने अंक चाळताना बातम्यांपेक्षा जाहिराती, वाचकांची पत्रे आणि मृत्यूच्या सूचना यांनी मला त्या काळातल्या माणसांचा सूर दिला; धाकटा भाऊ रागावल्यावर कोणत्या शब्दात बोलेल, ते तिथे कळले. थकलेल्या दिवशी हा फार मोठा आधार असतो. स्वतःचे काही सुचत नसेल तर जुना मजकूर वाचून चार ओळी टिपून घ्यायच्या. त्या दिवसाचेही काम झाले असे मनाला वाटते, आणि पुढच्या दिवशी त्याच टिपणांतून संवादाला वाट फुटते.

काही गोष्टी इथे होणार नाहीत, त्या आधीच सांगते. नाटक लिहिणाऱ्याला वाक्य मोठ्याने म्हणून पाहावे लागते आणि वाचनकक्षात ते अर्थातच शक्य नाही. ते काम मी रविवारी घरच्या सोप्यावर, सासूबाईंना समोर बसवून करते. त्यांनी तो कौल पाहिलेला असल्यामुळे ‘असे कोणी बोलत नव्हते गे’ म्हणून त्या दोन-तीन वाक्ये तरी खोडायला लावतात. सलग तीन-चार तासांची बैठक ज्यांना हवी, त्यांनी सुट्टीचा दिवस काढावा आणि त्या दिवसाच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. लहान मुले असणाऱ्यांसाठी बालविभाग आहे. माझी मुलगी सुट्टीत सोबत येते आणि तिथली गोष्टींची पुस्तके वाचत बसते, त्यामुळे शनिवारची माझी पन्नास मिनिटे कधी कधी दीड तासावर जातात.

दुसऱ्या अंकात थोरला भाऊ मतदान करून घरी येतो आणि जेवायला बसतो. तो प्रवेश गेले दहा दिवस मी लिहिते आणि खोडते आहे. सोमवारी पुन्हा त्याच टेबलाशी बसणार आहे.