आरओ आणि ओटीची बाटली : धायरीतले दहा महिने

२०२५च्या जानेवारीत पुण्यात आमच्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गुलेन-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडणारा आजार) रुग्ण निघायला लागले आणि आमच्या बिल्डिंगमध्ये पाण्याशिवाय दुसरा विषय राहिला नाही. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा दूषित पाण्या-अन्नातून पोटात जाणारा जंतू सापडल्याच्या बातम्या होत्या. त्याच आठवड्यात मी आरओ घेतला. घाबरून घेतला, कबूल.

विकायला आलेल्याने आमच्या नळाच्या पाण्यात दोन सळ्यांचं यंत्र बुडवून वीज सोडली. मिनिटभरात पेल्यात तपकिरी चिखल. सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, हे पितोय होय आपण?" झाली विक्री! तो चिखल पाण्यातला नसतोच, लोखंडी सळई झिजून उतरलेला गंज असतो, हे मला नंतर कळलं. शेजारी त्याने ठेवलेल्या आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज नीट वाहत नाही, म्हणून तो पेला स्वच्छ राहतो. त्यात चिमूटभर मीठ टाकून बघायला हवं होतं.

यंत्र तसं बरं चाललंय. पाणी चवीला मऊ, आवाज कमी. पण एक तांब्या देताना तीन तांबे मोरीत घालवतं. ते बादलीत धरून लादी पुसतो, तरी उरतंच. सोबत मिळालेल्या मीटरवर खडकवासला धरणातून नळाला येणाऱ्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, नव्वदच्या आसपास दिसतो, उन्हाळ्यात टँकर लागला की सहाशेच्या वर. मानकाप्रमाणे ५००पर्यंत काही अडचण नाही. म्हणजे वर्षातले बरेच महिने हा आरओ आमच्याकडे फुकटच राबतो.

बरं, टीडीएस म्हणजे फक्त क्षार. जंतू त्या मीटरला दिसत नाहीत. गटार पाझरलेल्या विहिरीचं पाणीही आकड्यात छान दिसू शकतं. मामा गावी जलसुरक्षक, म्हणजे ग्रामपंचायतीचं पाणी तपासणारे, होते, ते फोनवर हसले. "ओटी घे," म्हणाले.

ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीन, पाण्यात जंतू मारणारा क्लोरीन आहे का ते दाखवणारं औषध. बाटली दोनेकशे रुपयांत मिळाली. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पिवळं झालं की क्लोरीन आहे. लीटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा. रंग डब्यावरच्या पट्टीशी जुळवून बघायचा. औषध विषारी आहे, नळीतलं पाणी ओतून द्यायचं आणि मुलांच्या हाताला लागू द्यायचं नाही. बाटली अंधारात ठेवायची. माझी पहिली खिडकीत राहिली आणि वाया गेली.

सकाळी महापालिकेचं पाणी येतं त्या नळाला रंग लिंबासारखा. गच्चीवरच्या टाकीतून संध्याकाळी घेतलं तर पांढरंफटक. चार दिवस तेच. मग सेक्रेटरीकाकांना घेऊन वर गेले. टाकीचं झाकण तडकलेलं, आत कबुतराचं पीस तरंगत होतं. टाकी धुतली, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं, झाकण बदललं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा टाकीचं पाणी पिवळं झालं आणि काकांनी नळीचा फोटो ग्रुपवर टाकला.

जारच्या पाण्याला ही तपासणी लागू नाही. तिथे जंतू मारायला ओझोन वायू किंवा यूव्ही किरण वापरतात, क्लोरीन नसला तरी पाणी वाईट असेलच असं नाही आणि चांगलं असेलच असंही नाही. आमच्या जारवाल्याकडे सील नसलेलं झाकण दोनदा आलं, त्याला बंद केलं. उकळल्यावरही क्लोरीन उडून जातो, तेव्हा उकळलेलं पाणी तपासून घाबरू नका. पिवळा रंग दिसला म्हणजे सगळं ठीक असंही नाही. गढूळ पाण्यात क्लोरीनचं फारसं चालत नाही.

आता आमच्याकडे सासूबाईंसाठी आणि धाकटीसाठी पाणी खळखळून उकळतो, गार झाल्यावर झाकणाच्या कळशीत, वर ओगराळं टांगलेलं. पेला आत बुडवला की सासूबाई ओरडतात, त्यातून मीही सुटत नाही. आरओ फक्त टँकरच्या दिवसांत लावते.

दुसरी बाटली काकांकडे असते. टँकर आला की पाईप जोडण्याआधी ते नळी भरून घेतात. मे महिन्यात एक टँकर गेटवरूनच परत पाठवला. ड्रायव्हर म्हणत होता, "काका, मीटर लावून बघा ना, आकडा एकदम झकास आहे."