२००५ ची स्प्लेंडर घरीच ट्यून करायला लागलो, आठ महिन्यांनंतरचा हिशोब

गाडी स्प्लेंडर प्लस, २००५ ची, एमएच १० म्हणजे सांगली पासिंग. आधी वडिलांनी दूध घालायला वापरली, नंतर माझ्याकडे आली, आणि आता रोज विश्रामबाग ते कुपवाड एमआयडीसी. मीटर एकदा ९९९९९ वरून शून्यावर फिरून आलाय आणि परत ४१ हजार दाखवतोय. मधी वर्षभर मीटरची केबल तुटलेली होती ते किलोमीटर धरलेच नाहीत.

घरी करायचं कधी ठरवलं, तर सकाळी चोक देऊन आठ-दहा किका, सिग्नलला उभी राहिली की बंद, पुलाचा चढ आला की तिसऱ्यात टाकूनसुद्धा रडायची आणि ॲव्हरेज ४५ च्या पुढं जाईना, तेव्हा. गॅरेजला दोनदा ट्यूनिंग करून घेतलं होतं, दर वेळी साडेपाचशे. दुसऱ्या वेळी संशय आला म्हणून प्लगवर आधीच बायकोच्या नेलपॉलिशचा एक ठिपका देऊन ठेवला, पाना लागला तर तुटेल असा. गाडी परत आली तर ठिपका जसाच्या तसा, बिलात मात्र "प्लग क्लीनिंग" लिहिलेलं. भांडलो नाही, पण त्याच रविवारी रिंग पान्यांचा सेट, प्लग पाना आणि फिलर गेज (बारीक फट मोजायची पातळ पाती) घेऊन आलो. सगळं मिळून अकराशे-बाराशे गेले.

पहिल्यांदा प्लग काढला. इंजिन पूर्ण गार असतानाच काढा, हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले की खर्च कुठच्या कुठं जातो. प्लगच्या टोकावर कोरडी काजळी, बोटाला लावली तर तव्याखालची काळी लागावी तशी. म्हणजे पेट्रोल जास्त जातंय नाहीतर हवा कमी. ठिणगी पडते त्या दोन टोकांमधला गॅप पाहिजे ०.६ ते ०.७ मिमी, माझ्या प्लगमध्ये जवळजवळ १ मिमी झालेला, घासून घासून टोक झिजलेलं. तो फेकला, नवा घातला. बसवताना पहिले पाच-सहा फेरे नुसत्या हातानं, पाना शेवटी.

हवा का कमी ते एअर फिल्टर उघडल्यावर कळलं. आमच्या गाडीत फोमचा आहे, त्यावर धूळ आणि तेलाचा असा थर की मातीचं ढेकूळच. रॉकेल आता कुठं मिळतंय, म्हणून साबणाच्या कोमट पाण्यात धुतला, मुठीत दाबून पाणी काढलं (पिळायचा नाही, फाटतो), दिवसभर सावलीत वाळवला, मग थोडं ऑईल लावून परत दाबला. एका मित्रानं पेट्रोलनं धुवायला सांगितलेलं. तसं त्यानं त्याच्या गाडीचा धुतला आणि महिन्याभरात फोम चुरा होऊन पडायला लागला, तेव्हा ते नकोच.

खरं सांगू का, माझ्या मते अर्धं काम इथंच झालं होतं. पहिल्याच दिवशी गाडी दुसऱ्या किकला चालू झाली. इथं थांबलो असतो तरी चाललं असतं, पण हात शिवशिवत होते.

पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर खोलला. त्याआधी एअर स्क्रू पूर्ण आत जाईपर्यंत किती फेरे बसतात ते मोजून कागदावर लिहून ठेवलं. हे एक केलं म्हणून वाचलो, नाहीतर जोडल्यावर काय करायचं सुचलं नसतं. खालच्या वाटीत तळाला पिवळसर गाळ आणि पाण्याचे दोन थेंब गोळ्यांसारखे फिरत होते. बारका जेट (पेट्रोल जातं ती बारीक भोकाची नळी) उजेडाकडं धरला तर पलीकडचं काहीच दिसेना, पूर्ण बंद. स्लोला, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर, गाडी चालू का राहत नव्हती ते तिथंच कळलं, कारण स्लोचं पेट्रोल त्याच जेटमधून येतं. सुई घालू नका, भोक मोठं होतं. मी वायरीतला एकच तांब्याचा तंतू काढून हळू फिरवला, मग सायकलच्या पंपानं हवा मारली. आणि उजेडाकडं धरल्यावर तो टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला ना, त्याचं समाधान काय सांगू.

आता टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट, आणि इथं मी घाण केली. मॅग्नेटोच्या कव्हरवरची दोन झाकणं काढून इंजिन पान्यानं फिरवायचं, टी ची खूण (पिस्टन सगळ्यात वर आल्याची) रेषेला आली की फिलर गेज घालून फट लावायची, एवढं मला माहीत होतं. पण चार स्ट्रोकच्या इंजिनात ती खूण दोनदा येते हे डोक्यातच नाही आलं. एकदा येते ती दाबाच्या स्ट्रोकला, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, फट तेव्हाच लावायची. दुसऱ्यांदा येते तेव्हा दोन्ही जरा जरा उघडे असतात. मी नेमकं तेव्हा लावलं. गेजचं पातं जाईना म्हणून वाटलं फारच टाईट झालंत, केले सैल. चालू केली तर शिलाई मशीनवर जाड कापड घातल्यासारखा खट खट खट आवाज, पिकअप आधीपेक्षा कमी. वडील बाहेर येऊन म्हणाले, "काय रं, खोललीस का मोडलीस?" रात्रभर गार होऊ दिली आणि सकाळी परत उघडली. खुणेवर आणून दोन्ही रॉकर बोटांनी हलवून बघितले. हलत असतील तर बरोबर, घट्ट असतील तर इंजिन अजून एक पूर्ण फेरा फिरवायचं. ही एवढी गोष्ट कुणी आधी सांगितली असती तर एक रात्र वाचली असती.

ऑईलचं फार सांगण्यासारखं नाही. १०डब्ल्यू३० चा ९०० मिलीचा डबा, जुनं गरम असताना काढायचं, सगळा डबा एकदम ओतायचा नाही, पट्टीवर बघत बघत घालायचं. चेन सैल होती ती ओढली, ब्रेक लायनर बदलले.

आता आठ महिन्यांचं. ॲव्हरेज टाकी ते टाकी मोजून ५७-५८ येतंय, पावसाळ्यात चिखलाच्या रस्त्यानं ५४ वर आलं होतं. थंडीत तीन किका, एरवी एक-दोन. गाडी जुनी असल्यानं पीयूसी दर सहा महिन्याला, तिथं माझ्या गाडीच्या काळातल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साईड ३.५ टक्क्यांच्या आत लागतो. गेल्या खेपेला माझी कशीबशी ३.१ वर सुटली होती, यावेळी १.४. पीयूसीवाला पोरगा म्हणाला, काका कार्बोरेटर नवा टाकला का. (मी ३६ चा आहे, काका.)

जे सुटलं नाही ते पण सांगतो. सकाळी चालू केल्यावर पहिले काही सेकंद निळा धूर येतो तो येतोच, ऑईल दर हजार किलोमीटरला थोडं घालावं लागतं. मळलेलं असतं ते ट्यूनिंगनं सुटतं, व्हॉल्व्हचे सील झिजलेत ते कसे सुटणार. ते काम हेड खोलायचं आहे आणि मी त्याला हात लावणार नाही, ओळखीच्या मिस्त्रीकडं देणार, शेजारी उभं राहून.

आणि एक, गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून वाटीखालचा स्क्रू सैल करून कार्बोरेटर रिकामा करा. हल्लीच्या ई२० पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ते पाणी खाली साचतं. दिवाळीत गावाला गेलो तेव्हा मी विसरलो, आल्यावर परत तीच वाटी, तेच थेंब. त्यावेळी पेट्रोलची पाईप पण बघितली, वाकवली तर चिरा दिसल्या, ती बदलून टाकली, पन्नास रुपयाची गोष्ट.

पैशाचा हिशोब म्हणाल तर हत्यारं धरून साधारण बावीसशे गेले, त्यातली हत्यारं राहिलीच. परवा टाकी पुसताना क्लचच्या केबलच्या टोकाला दोन तारा तुटून बाहेर आलेल्या दिसल्या. नवी केबल आणून ठेवलीय, रविवारी पाऊस नसला तर बसवतो.