गॅलरीतलं सुतारकाम: हातकरवत, मशीन की टिंबर मार्केटमधूनच कापून?

कुठली सर्क्युलर सॉ (गोल पात्याचं कापायचं मशीन) घेऊ, असं ओळखीतलं कुणी ना कुणी मला दर दोन-तीन महिन्यांनी विचारतं. फ्लॅट असतो, ८ बाय ४ फुटांची कोरडी गॅलरी असते आणि पुस्तकांची मांडणी स्वतःच्या हाताने करायची हौस असते. मी उलट विचारते, "कापणार काय? प्लाय की लाकूड?" इथे बहुतेकजण गडबडतात, कारण व्हिडिओत दोन्ही लोण्यासारखं कापलं जाताना दिसतं.

पुण्यात कर्वेनगरात तिसऱ्या मजल्यावर आठ वर्षं माझे हे उद्योग चालू आहेत. हातकरवतीने कापून झालं, मशीन घेऊन झालं, टिंबर मार्केटमधून कापूनही आणलं. माझा कौल आधीच सांगते: प्लाय बाजारातून कापून आणा, लाकूड घरी हाताने कापा, आणि कापायचं मशीन पहिलं वर्षभर तरी घेऊ नका. आता का ते बघू.

हवेत तुलना नको म्हणून एकच वस्तू धरू. ४ फूट उंच, ३ फूट रुंद, १० इंच खोल मांडणी, १८ एमएम प्लायची, चार फळ्यांची. त्यासाठी ८ बाय ४ च्या शीटमधून १० इंची तीन पट्ट्या काढायच्या. एका पट्टीतून दोन उभे (मांडणीच्या दोन बाजू) निघतात, उरलेल्या दोन पट्ट्यांतून दोन-दोन फळ्या. म्हणजे ८ फुटांच्या तीन उभ्या चिरा झाल्या, एकूण २४ फूट. शिवाय १० इंचांचे पाच आडवे काप. मांडणी काटकोनात उभी राहते की डुगडुगते हे इथेच ठरतं. पुढचं सगळं फेविकॉल आणि स्क्रूचं काम.

हातकरवतीने

नवख्या हाताला ८ फुटांची एक चीर वीस-पंचवीस मिनिटं घेते. तीन चिरांना सव्वा तास. वेळेचं एक वेळ चालेल, पण तिसऱ्या चिरेपर्यंत खांदा भरून येतो आणि करवत रेघ सोडायला लागते. माझ्या पहिल्या मांडणीची एक फळी मध्यावर दोन सूत अरुंद आहे. (ज्यांना सूत माहीत नाही त्यांच्यासाठी: एका इंचाचे आठ सूत. बाजारात अजून हेच चालतं.) ती फळी मी सगळ्यात वर लावली, म्हणजे कुणाला दिसणार नाही. मला मात्र रोज दिसते.

दुसरं म्हणजे प्लायच्या थरांमधला गोंद वाळून कडक झालेला असतो आणि तो दातांची धार खातो. हल्ली मिळणाऱ्या बहुतेक करवतींचे दात कडक केलेले असतात, टोकं काळपट-निळसर दिसतात. त्यांना कानसीने धार लावता येत नाही. बोथट झाली की ती करवत गेली.

तरीही हातानेच कापायचं असेल तर रेघेवर मास्किंग टेप लावा, कटरने रेघ खोल ओढून वरचा थर आधी तोडा आणि चांगली बाजू वर ठेवा. आपली नेहमीची करवत खाली ढकलताना कापते, त्यामुळे चिपा खालच्या बाजूने उडतात. सर्क्युलर सॉ आणि जिगसॉचे (वर-खाली चालणाऱ्या बारीक पात्याच्या मशीनचे) दात खालून वर येतात, तिथे चांगली बाजू खाली. हे एवढं लक्षात ठेवलं तर निम्म्या कडा वाचतात.

आता प्लाय बाजूला ठेवा आणि त्या जागी सागाची फळी घ्या. सगळा हिशेबच फिरतो. लाकडाचं काम म्हणजे छोटे छोटे काप, खाचा, कुसू (खाचेत बसणारं टोक), आणि दर वेळी रंध्याचा एक हात मारून जुळवत जाणं. इथे मशीन घाई करतं. पाव सूत जास्त गेलं की परत आणता येत नाही. रंध्याने मात्र कागदाइतका पातळ छिलका काढून बघता येतं, बसलं नाही तर आणखी एक.

पुण्यात यासाठी चांगला माल म्हणजे पाडलेल्या वाड्यांचा आणि जुन्या दारं-खिडक्यांचा साग. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी नशीब असेल तर चौकटीचे तुकडे मिळतात. त्यात खिळे लपलेले असतात, डोकं तुटलेले, गंजून लाकडाच्या रंगाचे झालेले. फ्रिजवरचं चुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून फिरवा, खिळ्यापाशी ते झोकांडी खातं. करवतीला खिळा लागला तर हाताला आधी कळतं. मशीनच्या पात्याला लागला तर पात्याचा दात उडतो, आणि कुठे उडतो ते आपल्या हातात नसतं. सागात मुळातच सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाते ती वेगळीच.

खर्चाचं म्हणाल तर करवत, १४ इंची लोखंडी रंधा, दोन पटाश्या (लाकडाच्या छिन्न्या), गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) आणि दोन सी-क्लॅम्प हे सगळं मिळून बऱ्या मशीनपेक्षा स्वस्त पडतं. रविवार पेठेत एका चकरेत होतं. पण यातली खरी किंमत बिलावर येत नाही. ती म्हणजे धार. नव्या रंध्याचं पातं दुकानातून येतं तेव्हा लाकूड कापत नाही, कुरतडतं. दोन बाजूंचा कारबोरंडम दगड घ्या. पात्याची पाठ आधी सपाट करा, मग २५ अंशांच्या उतारावर घासा आणि शेवटी टोकाशी ३० अंशांत चार-पाच हात. उलट्या बाजूला बोटाला बारीक खरखरीत कड लागली की समजा धार टोकापर्यंत पोचली. मग ती कड पाठीवर एकदा घासून काढून टाकायची. पहिल्या वेळी मला अख्खा रविवार गेला होता, आता दहा मिनिटं लागतात. ज्याला या दहा मिनिटांचा कंटाळा आहे त्याने हातकामाच्या फंदात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

लाकूड घेणाऱ्याने पुण्याची हवाही हिशेबात धरावी. एप्रिल-मेच्या दुपारी हवा करकरीत कोरडी, जुलै-ऑगस्टमध्ये कपडे तीन दिवस वाळत नाहीत. फूटभर रुंद सागाची फळी या दोन टोकांत दोन-तीन मिलिमीटर फुगते-आकसते, तीही रुंदीत. लांबीत जवळपास नाहीच. मे महिन्यात घट्ट बसवलेला ड्रॉवर श्रावणात उघडत नाही तो यामुळे. रुंद फळी दोन्ही कडांना फेविकॉलने जखडली तर ती मधोमध तडकते. एक कड मोकळी ठेवा, किंवा स्क्रूचं भोक लांबट करा. प्लायचे थर एकमेकांना आडवे असल्यामुळे त्याला हा त्रास नाही, आणि मांडणीला प्लाय बरा म्हणते ते म्हणूनच.

पावसाळ्यात हत्यारं गंजतात. शिवणयंत्राचं तेल लावून फडक्यात गुंडाळा. खोबरेल लावू नका. ते २४ अंशांच्या खाली थिजतं, आणि डिसेंबरच्या सकाळी रंध्याच्या तळाला पांढरा थर खरवडत बसावं लागतं.

हाताचं काम शांत असतं, असं म्हणतात ते अर्धंच खरं आहे. करवत आणि रंध्याचा आवाज शेजारी जात नाही, पण पटाशीवर मोगरी (लाकडी हातोडा) मारली की प्रत्येक ठोका खालच्या मजल्याच्या छतात वाजतो. खालच्या काकू एकदा वर येऊन "काय गं, पाटा टाकवतेस का?" विचारून गेल्या. तेव्हापासून खाली जुनी सतरंजी आणि तिच्यावर रबरी मॅट असते.

कापायच्या मशीनने

वेळ बघाल तर स्पर्धाच नाही. ८ फुटांची चीर दोन-तीन मिनिटांत. सरळ पट्टी क्लॅम्पने बांधायला मात्र प्रत्येक वेळी दहा मिनिटं जातात, आणि ती न बांधता कापाल तर हातकरवतीपेक्षा वाकडं जाईल, फक्त जास्त वेगाने.

मग मी नको का म्हणते? पहिलं कारण आवाज. सर्क्युलर सॉ चालवणाऱ्याच्या कानाशी १०० डेसिबलच्या आसपास असते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ आहे. नियम कुणी काढून दाखवणार नाही, पण सोसायटीच्या ग्रुपवर तुमचं नाव न घेता मेसेज नक्की पडेल.

दुसरं, धूळ. रंध्याचे छिलके झाडूने गोळा होतात. मशीनचा भुसा मैद्यासारखा असतो. तो स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या झाकणांवर तर सापडतोच, पण छातीतही जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला १९९५ मध्ये पहिल्या गटात, म्हणजे कर्करोग करणाऱ्या निश्चित गोष्टींत टाकलं. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, एन ९५ मास्क लागतो. आणि आपण घातला तरी घरातल्या बाकीच्यांनी तो घातलेला नसतोच.

तिसरं अगदी साधं. गॅलरीतलं सॉकेट बहुधा ६ अँपिअरचं असतं. १४०० वॉटचं मशीन २३० व्होल्टवर ६ अँपिअरच्या थोडं वरच खेचतं. स्वयंपाकघरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटमधून जाड वायरची एक्स्टेन्शन आणायची तयारी ठेवा.

आणि धोका. कापताना फळीचे दोन भाग आत झुकले तर पातं चिमटतं आणि मशीन उलटं अंगावर येतं. शीट दोन खुर्च्यांवर टाकून मधे कापणं म्हणजे या अपघाताला आमंत्रण. शीट जमिनीवर चार रिपांवर (लाकडी पट्ट्यांवर) ठेवा, चिरेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, आणि पात्याची खोली प्लायच्या जाडीपेक्षा अर्धा सूतच जास्त ठेवा. हातमोजे घालू नका, ओढणी काढून ठेवा, बांगड्यासुद्धा.

स्वस्तातला मार्ग म्हणून अनेकजण ४ इंची मार्बल कटरला लाकडाचं पातं लावतात. साइटवरचे सुतार सर्रास करतात हे खरं. पण ते मशीन दगड-टाइल्ससाठी बनलंय. मिनिटाला १२-१३ हजार फेरे, तर ७ इंची सर्क्युलर सॉचे साधारण पाच हजार. खालून पात्यावर आपोआप बसणारं झाकणही नसतं. सुतारांच्या हातांची बोटं मोजून बघा आणि मग ठरवा. अँगल ग्राइंडरला लाकडाचं पातं लावण्याबद्दल तर बोलायलाच नको.

बाजारातून कापून

१८ एमएमची अख्खी शीट पस्तीस किलोच्या आसपास भरते, आणि ८ फूट लांबीची वस्तू सोसायटीच्या लिफ्टमध्ये मावत नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्याने चढवा, वळणावर भिंतीचा रंग उडवा आणि मग कापा, की भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये कापूनच घ्या? मोठ्या मशीनवर सगळे काप अर्ध्या तासाच्या आत होतात, कडा सरळ येतात, तुकडे रिक्षातून घरी. प्लाय त्यांच्याकडूनच घेतला तर कापायचे पैसे फारसे नसतात.

फसगत होते ती कागदावर. माझी झाली तेव्हा चूक माझीच होती. मी फळ्यांची लांबी ३ फूटच लिहिली, दोन्ही उभ्यांची जाडी वजा केली नाही. १८ अधिक १८, मांडणी दीड इंच जास्त रुंद झाली आणि कोपऱ्यात बसेना. यादी मिलिमीटरमध्ये लिहा, सोबत शीटचं चित्र काढा. पात्याची जाडी धरा: मोठ्या मशीनची चीर तीन-साडेतीन मिलिमीटर खाते, हातकरवत दीडच. ८ फुटांतून बरोबर ४ फुटांचे दोन उभे मागाल तर एक कमी येणारच, म्हणून दोन्ही साडेसत्तेचाळीस इंच लिहा.

सगळ्यात महत्त्वाचं, सारख्या मापाचे तुकडे एकाच सेटिंगवर कापायला सांगा. माप अर्धा सूत चुकलं तरी चारही फळ्या सारख्याच चुकल्या तर मांडणी काटकोनातच उभी राहते. निघायच्या आधी चारही फळ्या एकावर एक ठेवून कडेवरून बोट फिरवा. बोट अडखळलं तर तिथेच परत कापून घ्या, मागून फोनवर काही होत नाही. प्लाय घेताना शिक्का बघा. खोलीतल्या मांडणीला आयएस (भारतीय मानक) ३०३ चा पुरतो, सिंकखाली किंवा ओल्या भिंतीला आयएस ७१० चा घ्या.

घरी मग एकच मशीन लागतं, ड्रिल. ते पहिल्या दिवशी घ्या. प्लायच्या कडेत ८ नंबरचा स्क्रू घालताना आधी ३ एमएमचं भोक पाडा, नाहीतर थर फाकतात. स्क्रूला मेणबत्ती घासली तर मनगट वाचतं. दर्शनी कडेला सागाची पातळ पट्टी चिकटवून वाळल्यावर रंध्याने सपाट करा. हे काम हातानेच सुबक होतं.

ज्याच्याकडे रो हाऊस आहे, गच्ची आहे किंवा तळमजल्यावर मोकळी जागा आहे, आणि तिसरं-चौथं कपाट बनवायचं ठरलंय, त्याने खुशाल मशीन घ्यावं. ७ इंची, पातं ४० दातांचं. पहिल्या मांडणीची शीट कापून घ्याल तेव्हा दीड फूट रुंदीचा पट्टा उरेल. त्याची बाहेरची कड कारखान्यातून सरळ आलेली असते. ती न कापता तिच्यालगत ४ इंचांची, पूर्ण ८ फुटांची पट्टी काढून घ्या आणि जिन्याने वर न्या. पुढे मशीन आलं की क्लॅम्पने बांधायला हीच पट्टी लागेल, तोवर कपाटामागे उभी राहू दे.