यूएसबी कॅसेट प्लेअर: दंडारीची मूळ कॅसेट शोधायला कितपत कामाचा?

वॉकमनएवढा, दोन पेन्सिल सेलवर किंवा यूएसबी वायरीवर चालणारा हा प्लेअर ऑनलाइन दोनेक हजारांत मिळतो. नावं दहा, आतलं यंत्र बहुतेक एकच. जुनी गाणी मोबाइलवर घ्यायची असतील तर चालून जातो. झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भातली, अडचण वेगळी आहे. दंडार किंवा खडी गंमत या तिथल्या लोकनाट्यांची एकच रात्र चार गावांत चार कॅसेटींवर सापडते, आणि त्यांतली मूळ कोणती ते ठरवायचं असतं. हे परीक्षण त्या कामापुरतं.

थेट पेनड्राइव्हवर रेकॉर्ड करणारं मॉडेल घेऊच नका. ते एमपीथ्री बनवतं आणि जरा शांतता आली की आपोआप नवा ट्रॅक पाडतं. नेमकी तीच शांतता तर पुरावा असते. साठच्या कॅसेटची एक बाजू ३० मिनिटांत संपते, नव्वदची ४५ मध्ये (फीत मिनिटभर जास्तच असते). गवळण रंगात आली असताना आवाज तुटला, ‘खट्’ झालं आणि त्याच बाजूवर पुढची ओळ अर्ध्यातून सुरू झाली, तर तिथे मूळ रेकॉर्डिंगवाल्याने कॅसेट उलटली होती. म्हणजे हातातली कॉपी. साठच्या कॅसेटवर हा खटका दुसऱ्या बाजूच्या पंधराव्या मिनिटाच्या आसपास आला, तर मूळ नव्वदची शोधायची.

वायरीचं मॉडेल लॅपटॉपला जोडून ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ४८ किलोहर्ट्झवर घ्या, वेव्ह फाइल ठेवा. १६ बिट स्टिरिओत तासाला ६९० एमबीच्या आसपास जागा लागते. ढोलकीची सर्वांत मोठी थाप उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा, नाहीतर त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये शिरते आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो.

हिशेब असा. वीजपुरवठ्याची घरघर ५० हर्ट्झची. स्पेक्ट्रममध्ये (आवाजातल्या कंप्रता दाखवणाऱ्या चित्रात) ५० आणि ४८.५ अशा दोन रेषा दिसल्या, तर कॅसेट किमान एकदा कॉपी झालीय, कारण प्रत्येक मशीन आपली घरघर वर चढवतं. रेष नागमोडी असेल तर कार्यक्रम जनरेटरवर झालेला असू शकतो. घरघर अजिबात नसेल आणि पेटीची पट्टी बाजूच्या शेवटाकडे हळूहळू चढत असेल, तर सेलवर चाललेला टेपरेकॉर्डर समजा: सेल उतरले, फीत हळू फिरली, म्हणून आज ती वर ऐकू येते. पेटी काही रात्रीत चढत नाही.

इथेच या प्लेअरचं मोठं दुखणं निघतं. त्याचा स्वतःचा वेग बरोबर नसतो. बाजारातली छापील कॅसेट लावा आणि लांबी माहीत असलेलं गाणं घड्याळावर मोजा. ३०० सेकंदांचं गाणं २९४ मध्ये संपलं तर वेग २ टक्के जास्त. सहा टक्क्यांनी अर्धा सूर बदलतो, पेटीवरच्या काळी एकची पांढरी दोन होते. मोटरच्या मागे किंवा सर्किटवर बारीक स्क्रू असतो, तो केसभर फिरवून वेग जुळतो. डुलणारा सूर मात्र जुळत नाही. चाकं हलकी आहेत, त्याला इलाज नाही.

हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू वेगळा, तो फीत वाचणाऱ्या हेडचा कल बदलतो. दोन्ही चॅनल एकत्र ऐकत तो पाव फेऱ्याच्या आत फिरवा आणि झांज सर्वांत लख्ख वाजेल तिथे थांबा. हे न करता दोन कॅसेटींची तुलना केली तर मूळच कॉपीपेक्षा मठ्ठ वाटू शकते. बरेच जण इथेच फसतात आणि चांगली कॅसेट परत करून येतात.

म्हणून हा प्लेअर चाळणीपुरता. मूळ ठरली की ती यात पुन्हा लावू नका; नव्वदची पातळ फीत रबरी चाकात गुंडाळली जाते. शेवटची प्रत चांगल्या कॅसेट डेकवरच काढा.

ऐकताना वही जवळ असू द्या. मध्येच बक्षीस पुकारतात, “अमुक गावच्या पाटलांकडून एकावन्न रुपये”. ते गाव आणि मिनिट टिपून ठेवा. त्या गावातला मंडप आणि भोंगे कोणाचे होते हे विचारलं की साउंडवाल्याचं घर सापडतं, आणि रेकॉर्डिंगची मशीन बहुतेक त्याच्याच टेबलावर असायची.